सात दिवसांचं पाकीट

ताईंच्या आठवणींचा अंक काढणारी मुलगी फोनवर म्हणाली, "काका, बाकी सगळे त्यांच्या कार्याबिर्याबद्दल लिहितायत. तुम्ही ती पाकिटाची गोष्ट लिहा ना. बारक्याची. धमाल आहे ती." मी "बरं" म्हणालो. त्या गोष्टीला मी अडतीस वर्षं "बरं" म्हणत आलोय, त्यात आणखी एक. फोन ठेवला, स्टूल घेतलं आणि माळ्यावरच्या ब्रशांच्या खोक्यामागून पाकीट खाली काढलं.

हो, ते माझ्याकडे आहे. ते हरवलं असं सगळे म्हणतात त्या दिवसापासून माझ्याकडेच आहे. बारक्याने ते रद्दीत घातलं नाही. हे मला आधीच सांगून टाकू द्या, नाहीतर शेवटपर्यंत पोचेतो मी पुन्हा काहीतरी सारवासारव करीन. मला माझी खोड माहीत आहे.

आता ताई. हल्लीच्या पोरांना वाटतं की कॉमिकवर चित्रकाराचं नाव जन्मापासूनच छापत होते. कसलं काय! वर कंपनीचं नाव, खाली छापखान्याचा पत्ता, आणि महिन्याला बत्तीस पानं काढून ज्याचे डोळे गेले त्याचा कुठे उल्लेख नाही. आम्ही वाचायचो आणि विसरायचो. ताई विसरल्या नाहीत. त्या पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात टायपिस्ट होत्या. दिवसभर नळजोडणीची पत्रं बडवायची आणि घरी येऊन कॉमिक भिंगाखाली धरायची, हा त्यांचा दिनक्रम. कोण कान कसा काढतो, कोण धूर कसा काढतो, कुणाच्या खिडकीला नेहमी एक गज कमी असतो, हे सगळं त्या कार्डांवर लिहून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत लावून ठेवायच्या. नाव माहीत नाही म्हणून त्यांनीच नावं पाडली. कानवाला, धूरवाला. आणि एक बूटवाले. त्यांना आदरार्थी, कारण ताईंचा त्यांच्यावर जीव होता. या माणसाने काढलेल्या प्रत्येक बुटाची नाडी खरोखर बांधता येईल अशी असायची. खलनायक कड्यावरून पडतोय, तरी त्याच्या नाडीची गाठ बघून घ्या.

कंपनीला त्या दर महिन्याला एक पोस्टकार्ड टाकायच्या. "बुटांची चित्रे काढणाऱ्या गृहस्थांचे नाव काय?" एवढंच. तीन वर्षं. मग एका महिन्यात पहिल्या पानावर, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत त्यांचं नाव छापून आलं. त्या दिवशी ताई रजा टाकून दुकानात गेल्या आणि शिल्लक होत्या तेवढ्या सगळ्या प्रती घेऊन आल्या. पुढे सगळ्यांचीच नावं यायला लागली. आज तुम्ही चित्रकारांच्या सह्या घ्यायला रांगा लावता, त्या रांगेचं पहिलं माणूस म्हणजे ताई.

'चौकट' हे त्यांचं मासिक. सायक्लोस्टाईल यंत्र स्वयंपाकघरात ओट्याखाली, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. मजकूर त्या स्टेन्सिलवर टाइप करायच्या आणि चित्रं मी कोरायचो. मी पाट्या रंगवणारा पेंटर. चांगला होतो म्हणणार नाही. अक्षरं झकास यायची, पण माणसं काढली की ती नुसती उभी राहायची, चालायची नाहीत. ताई म्हणायच्या, "पेंटरबुवा, तुमच्या माणसांना कुणीतरी जरा धक्का द्या." आणि स्वतःच हसायच्या. त्यांच्या कोपरांना नेहमी शाई लागलेली असायची आणि ती त्यांना कधीच दिसायची नाही.

घरात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ. नावाचा बारक्या, अंगाने दरवाजाएवढा. बेकरीत पहाटपाळी करायचा, दहा वाजता पीठ माखलेला घरी यायचा, घर झाडायचा आणि मग झोपायचा. कॉमिकमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण यंत्राचं हँडल फिरवायला तोच. दीडशे प्रती एका दमात काढायचा, वर विचारायचा, "ताई, यात मारामारी कुठंय?"

आता पाकीट. मासिकाखेरीज आमचं दहा जणांचं एक मंडळ होतं. त्यात एक कापडी अस्तराचं खाकी पाकीट फिरायचं. ते आलं की सगळ्यांची पानं वाचायची, आपलं जुनं पान काढून नवं घालायचं आणि पुढच्याला पाठवायचं. पाकिटाच्या पाठीवर तक्ता डकवलेला. नाव, 'मिळाले', 'पाठवले'. आपल्याकडे ठेवायचे दिवस सात. आठवा दिवस उजाडला की माणूस मंडळाबाहेर. ताईंनी दोघांना खरंच काढलं होतं, त्यातला एक त्यांचा वरिष्ठ साहेब होता! यादीत माझ्यानंतर ताईंचं नाव. आम्ही एकाच गावातले, त्यामुळे मी पोस्टात न टाकता त्यांच्या दाराला टपालासाठी असलेल्या झडपेतून आत सरकवायचो.

त्या वेळी पाकीट आलं ते नेहमीपेक्षा जाड होतं. उघडलं तर आत बूटवाल्यांची सहा पानं, त्यांनी यादीतल्या पहिल्या सभासदाकडे पाठवलेली. नुसती पेन्सिल, शाई न भरलेली, अख्खी गोष्ट. सोबत ताईंच्या नावे चिठ्ठी होती. आपलं नाव कुणीतरी विचारलं म्हणून ही कुणालाही न दाखवलेली पानं मंडळाला पाठवतोय, सगळ्यांचं बघून झालं की ती ताईंनी ठेवावीत, असं लिहिलं होतं. ताईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. पाकीट त्यांच्यापर्यंत पोचल्यावरच त्यांना ते दिसणार होतं. म्हणजे माझ्यानंतर.

मी ती पानं बघितली आणि मला पहिल्यांदा कळलं की माझी माणसं का चालत नाहीत. वजन कुठल्या पायावर आहे ते मी कधी ठरवलंच नव्हतं. या माणसाने प्रत्येक पायाखाली पुसट रेघ मारून ठेवली होती. मी उतरवायला बसलो. सात दिवस गेले. तीन पानं झाली होती. म्हटलं, एक दिवस. मग म्हटलं, रविवारपर्यंत. दहाव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, ताई माझ्या दुकानासमोर उभ्या. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत चालत आलेल्या.

"पेंटरबुवा, पाकीट तुमच्याकडे आलं का हो? यादीत तुमच्या आधीचे म्हणतायत, केव्हाच पाठवलं."

मी मान वर न करता म्हणालो, "अहो, म्हणजे काय? मंगळवारीच टाकलं की तुमच्या झडपेतून. तुम्ही ऑफिसात होता."

इतकं सहज निघालं तोंडातून. त्यांनी शंकासुद्धा घेतली नाही. त्यांचा चेहरा उतरला तो स्वतःच्या घराच्या काळजीने. त्या गेल्या आणि मी ठरवलं, त्या ऑफिसात परतल्या की लगेच जाऊन झडपेतून टाकायचं. मंगळवारी टाकलं काय नि शुक्रवारी काय, कपाटाखाली सरकलं होतं म्हणतील. पाकीट ब्रशांच्या पिशवीत घातलं, पिशवी खांद्याला लावली आणि निघालो.

ताई ऑफिसात परतल्याच नव्हत्या. दार सताड उघडं होतं, कपाटं रिकामी करून सगळं जमिनीवर मांडलं होतं आणि बारक्या झोपेतून उठून भिंतीला टेकून उभा होता. आदल्याच दिवशी, गुरुवारी, त्याने घरातली रद्दी दिली होती. दाराजवळची वर्तमानपत्रं, जाहिरातीची पत्रकं, सगळं गोळा करून.

"तुला जाड पाकीट दिसलं नाही?" ताई विचारत होत्या.

"नाही गं ताई."

"पेंटरबुवांनी मंगळवारी टाकलंय. मग गेलं कुठं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी चपलेकडे बघितलं. आता पिशवीतून पाकीट काढायचं म्हणजे मी खोटारडा आणि वर मंडळाबाहेर. ताई म्हणाल्या, "बरं झालं आलात. चला, तीन जण असलो तर लवकर होईल."

रद्दीवाल्याच्या गोदामात उरलेला सगळा दिवस गेला. पोती उपसायची, चाळायची, परत भरायची. ताईंनी पर्स खाली ठेवली, पदर खोचला. बारक्याने सदरा काढून खुंटीला टांगला. मी पिशवी खांद्यावरच ठेवली आणि वाकून शोधत राहिलो. अगदी मन लावून शोधत होतो, देवाशपथ. मधूनमधून "इथे नाही वाटतं" असंही म्हणत होतो. एका गठ्ठ्याची तार ताईंच्या बोटात घुसली. त्यांनी रुमाल बांधला आणि पुढचं पोतं ओढलं.

बारक्याने मला विचारलं, "केवढं होतं हो?"

मी दोन्ही हातांनी माप दाखवलं. बरोबर माप दाखवलं. माझ्या कुशीलाच टोचत होतं ते.

ताई त्यानंतर रोज ऑफिस सुटल्यावर गोदामात जात राहिल्या. गोदामवाल्याने माल पुढे पाठवला तर त्या पुढच्या गोदामात गेल्या. बूटवाल्यांचं पत्र वेगळं येऊन पोचलं होतं, पानं मिळाली का असं विचारणारं, त्यामुळे आपण काय हरवलंय ते आता त्यांना कळलं होतं. बोट सुजलं. मी दोनदा पाकीट घेऊन त्यांच्या गल्लीपर्यंत गेलो आणि दोनदा परत फिरलो. मग एका संध्याकाळी बारक्याने ताईंना सांगितलं, "आठवलं मला. जाड खाकी काहीतरी होतं. मीच गठ्ठ्यात घातलं. माझं लक्ष नव्हतं." त्या दिवसापासून ताईंनी शोधणं थांबवलं.

हे मला ताईंनीच सांगितलं. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "जाऊ द्या ताई, त्याला काय कळतंय." हे वाक्य मी उच्चारलेलं आहे. त्याबद्दल मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ताई त्याच्यावर ओरडल्या नाहीत. 'चौकट'च्या पुढच्या अंकात त्यांनी चार ओळी छापल्या. पाकीट माझ्या घरातून गहाळ झाले, जबाबदारी माझी आहे, मंडळ बंद करीत आहे. त्या ओळींची चौकट मीच कोरली. बूटवाल्यांचं एक पोस्टकार्ड आलं, "काही हरकत नाही. तशीही ती कच्चीच होती." पुन्हा त्यांनी कधी काही पाठवलं नाही आणि दोन वर्षांत ते गेले. ताईंनी ते कार्ड टाइपरायटरच्या झाकणात आतून चिकटवलं. म्हणजे टाइप करायला बसलं की रोज समोर.

आणि मी? माझी माणसं चालायला लागली. बुटांच्या दुकानाची पाटी असेल तर पेंटर हाच, असं लोक म्हणू लागले. माझ्या बुटांच्या नाड्या बांधता येतात, असं एकदा ताईंनीच कौतुकाने म्हटलं. "बूटवाल्यांचा हात आलाय हो तुमच्यात," म्हणाल्या. मी हसलो. दुसरं काय करणार होतो!

गोष्ट मात्र पसरली. ताई जसजशा मोठ्या झाल्या तसतशी तीही मोठी झाली. घरच्यांनी कुणाचा संग्रह रद्दीत घातला की पोरं म्हणायला लागली, "माझ्या कॉमिकचं बारक्या झालं." आईने बारक्या केलं, बायकोने बारक्या केलं. तुम्ही सगळे म्हणता. ताईंच्या सत्काराला सूत्रसंचालक म्हणाला, "आणि ज्यांच्यामुळे हा शब्द आपल्याला मिळाला, ते आज इथे हजर आहेत!" तो शेवटच्या रांगेत ताईंची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. उभा राहिला, हात हलवला, बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ताई गेल्या त्याला आता तीन महिने झाले. त्या असताना बोललो असतो तर, हा विचार मी करत नाही म्हणणार नाही. तोच करतो. पण भाऊ जिवंत आहे. गेल्या सोमवारी मी पाकीट त्याच पिशवीत घालून त्याच्याकडे गेलो.

तेच घर. तो आता वाकलाय, तरी त्याच्या शेजारून दारातून आत जाताना मला अंग चोरावं लागलंच. चहा टाकला. मी पाकीट टेबलावर ठेवलं. त्यांना मी आता अरे-तुरे करत नाही, दोघेही म्हातारे.

"हे ते," मी म्हणालो. "माझ्याकडे होतं. मी टाकलंच नव्हतं झडपेतून."

त्यांनी आधी टॉवेलला हात पुसले. मग हात पाठीमागे बांधून नुसतं वाकून बघितलं. "हात लावू का?" त्यांनी विचारलं. तेव्हापासून घरातल्या कागदाला ते विचारल्याशिवाय हात लावत नव्हते, ताईंनी न सांगताच. मला रडू आलं. त्यांना नाही आलं. त्यांनी एकेक पान काढलं, बूट निरखून बघितले.

"तुम्ही तर म्हणाला होतात, तुम्हाला आठवलं," मी म्हणालो. "जाड खाकी काहीतरी."

"म्हणालो होतो."

"मग?"

"दारात काही नव्हतंच त्या आठवड्यात. दोन पोस्टकार्डं नि पेपर. मी रोज उचलायचो, मला माहीत नसणार?" त्यांनी पान उलटं ठेवलं. "बोटात पू झाला होता तिच्या. तरी जायची. कुणीतरी 'मी घालवलं' म्हटल्याशिवाय थांबणारी नव्हती ती."

मी कसंबसं विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलतोय, हे तुम्हाला..."

"गोदामातच कळलं. आम्ही दोघांनी सामान खाली ठेवलं. तुम्ही सगळा वेळ पिशवी खांद्याला लावून वाकत होता."

"मग तिथेच का नाही धरलंत मला?"

त्यांनी चहा गाळला. माझ्यापुढे कप सरकवला. "ऑफिसात तिला कुणी विचारत नव्हतं. नातेवाईक खुळी म्हणायचे. तिला माणसं म्हणजे तुम्ही दहा. त्यातलाच एक असा आहे, हे मी सांगायचं तिला? मग उरलेल्यांची पत्रं तिने कशी उघडली असती? भावाने घोळ घातला तर काय, भाऊ कुठं जातोय."

मी टेबलावरची पानं क्रमाने लावायला लागलो.

"मला वाटलं, दोन दिवसांत आणून टाकाल गुपचूप," ते म्हणाले. "मग वाटलं, आठवड्यात. ती झडप जरा अडकायची. तुमचा हात मागे फिरू नये म्हणून तेल घालून ठेवायचो मी. बरीच वर्षं घातलं. मग सवयच लागली."

त्यांनी माफ केलं का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पाकिटाच्या पाठीवरचा तक्ता माझ्यापुढे धरला आणि बोटाने माझ्या नावासमोरचा 'पाठवले'चा रिकामा रकाना दाखवला. मी सोमवारची तारीख घातली. त्यांनी ताईंच्या नावासमोर, 'मिळाले'खाली, सही केली. सावकाश, एकेक अक्षर. अंकात काय लिहू विचारलं तर म्हणाले, "तिचं चांगलं लिहा. माझं काय."

निघताना मी बाहेरून झडपेला बोट लावलं. ती काडीचाही आवाज न करता उघडली.

संपादकबाई, तुम्ही धमाल गोष्ट मागितली होती, ही अशी निघाली. यातलं हवं ते कापा, ताईंबद्दलचं मात्र ठेवा आणि एक काम करा. तो शब्द आजपासून बंद करा. त्यांनी कुणाचं काहीही घालवलेलं नाही. आणि शब्दावाचून तुमचं अडणारच असेल, तर "बारक्या झालं" म्हणू नका. "पेंटर झालं" म्हणा.